व्हॉल्व्हपर्यंत हातच पोचत नाही: स्कूटर आणि बाइकच्या हवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंक्चरवाल्याकडे याला ‘वॉल’ म्हणतात, सुट्या भागांच्या दुकानात ‘व्हॉल्व्ह’ आणि काही ठिकाणी नुसतं ‘निप्पल’. वस्तू एकच: रिममधून बाहेर आलेली बोटभर नळी, आत स्प्रिंगची पिन आणि वर टोपी. कारमध्ये ती समोर दिसते. दुचाकीत ती डिस्क, सायलेन्सर, ड्रम आणि आऱ्या यांच्या गर्दीत लपलेली असते. खालचे प्रश्न त्याच अडचणीचे आहेत.

कारला हवा भरताना त्रास होत नाही, मग दुचाकीलाच का?

दुचाकीचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा रिमच्या मधोमध असतो आणि त्याचं तोंड थेट चाकाच्या केंद्राकडे असतं. हवेची गन त्या तोंडावर सरळ बसायला समोर गनच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते. पंपावरच्या गनचं डोकं साधारण चार बोटं लांब असतं. दहा इंची चाकाच्या स्कूटरमध्ये व्हॉल्व्हचं टोक आणि मधला ड्रम यांच्यात तेवढी जागा नसते. सतरा इंची बाइकमध्ये ती असते, पण पुढे मोठी डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग), मागे एका बाजूला चेनचं दातेरी चक्र आणि दुसऱ्या बाजूला डिस्क, त्यामुळे गन आत घालायला वाट मिळत नाही.

मग गन तिरकी लावली जाते. तिरक्या गनमध्ये रबरी वॉशर एका बाजूनं दाबला जातो, दुसऱ्या बाजूनं हवा फुस्स करून निघते आणि पिन अर्धवटच दाबली जाते. भरली जाण्यापेक्षा जास्त हवा बाहेर जाते. इथे जोर लावून उपयोग नसतो, आधी कोन सुधारावा लागतो.

चाक कुठे थांबवलं की व्हॉल्व्ह सोपा पडतो?

याचं एकच उत्तर सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही, पण शोधायची रीत एकच आहे. गाडी डबल स्टँडवर घ्या, चाक हातानं हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा आणि व्हॉल्व्हसमोर सर्वांत मोकळी जागा कुठे येते ते पाहा. व्हॉल्व्ह खालच्या अंगाला, घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी असला तर गन वरून खाली दाबता येते आणि हाताला जोर मिळतो. अगदी वर, बाराच्या जागी असला तर तोंड खाली होतं, मग गुडघ्यावर बसून गन खालून वर रेटावी लागते. ही सर्वांत वाईट जागा. पुढच्या चाकात कॅलिपर बहुतेक वेळा फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) मागे असतो, म्हणून व्हॉल्व्ह फोर्कच्या पुढच्या बाजूला आणावा.

चांगली जागा एकदा सापडली की त्या वेळी टायरचा जो भाग जमिनीकडे आहे, तिथे बाजूच्या भिंतीवर खडूनं किंवा टायर मार्करनं ठिपका द्या. पुढच्या वेळी ठिपका खाली आणला की काम झालं. टायर रिमवर सरकला नाही, तर मार्करचा ठिपका बराच काळ उपयोगी पडतो.

डबल स्टँड नसेल तर गाडी ढकलून चाक फिरवावं लागतं. ९०/१००-१० मापाच्या स्कूटर टायरचा पूर्ण फेरा साधारण १.३५ मीटरचा आणि १४०/७०-१७ टायरचा जवळजवळ २ मीटरचा. म्हणजे बाइकवर व्हॉल्व्ह वरून खाली आणायला गाडी एक मीटर पुढे घ्यावी लागते. पंपावर रांगेत उभं राहण्याआधीच हे जमवून घ्या, मागच्यांचे हॉर्न ऐकत घाईनं जमत नाही.

अ‍ॅक्टिव्हासारख्या गिअरलेस स्कूटरच्या मागच्या चाकात हवा कशी भरायची?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. या स्कूटरींत चाकाच्या डाव्या बाजूला इंजिन आणि बेल्टची पेटी असते, त्यामुळे काम उजवीकडूनच करावं लागतं. उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो.

आधी इंजिन बंद करून किल्ली काढा. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर घ्या, म्हणजे मागचं चाक जमिनीपासून सुटतं. नुकतीच चालवून आणली असेल तर सायलेन्सरजवळ हात घालण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबा. मनगटाच्या आतल्या बाजूला बसणारा चटका याच कामातला असतो. तरीही घाई असेल तर सायलेन्सरवर जाड कोरडं पोतं किंवा चामड्याचा हातमोजा ठेवा. नायलॉनचं कापड नको, ते वितळून चिकटतं.

चाक फिरवून व्हॉल्व्ह सायलेन्सरच्या वरच्या कडेच्या वर, मागच्या अंगाला आणा. टोपी काढून खिशात ठेवा, फूटबोर्डवर ठेवलेली टोपी हमखास गटारात जाते. व्हॉल्व्हचं तोंड कापडानं पुसा. पावसाळ्यात तिथे चिखलाचं काळं कडं साचलेलं असतं. ते न पुसता गन लावली तर खडीचा कण थेट पिनच्या रबरावर जाऊन बसतो आणि दोन दिवसांनी ‘कालच हवा भरली होती, आज परत कमी’ ही तक्रार सुरू होते.

आता डाव्या हाताचा अंगठा व्हॉल्व्हच्या मागे, रिमच्या बाजूनं टेकवा. हा आधार महत्त्वाचा. नाहीतर गनच्या दाबानं रबरी नळी मागे झुकते, कोन बिघडतो आणि मुळाशी रबर ताणलं जातं. उजव्या हातानं गन सरळ रेषेत एकाच दमात घट्ट दाबा. हळूहळू दाबलं तर तेवढा वेळ हवा जातच राहते. आवाज पूर्ण थांबला म्हणजे गन नीट बसली. काढतानाही तसंच, सरळ आणि झटकन.

गन नीट बसली आहे हे मीटरवर कसं कळतं?

पंपावरच्या डिजिटल मशीनवर आकडा शून्यावर अडकला असेल तर पिन दाबलीच गेलेली नाही. आकडा वर-खाली नाचत असेल तर कडेनं गळती आहे. मशीननं क्षणात ‘टीं’ करून काम संपल्याचं सांगितलं आणि टायर मात्र तसाच मऊ असेल, तर मशीननं बहुधा टायरऐवजी स्वतःच्या नळीतला दाब मोजला आहे. तिन्ही वेळा गन काढून पुन्हा लावायची.

गन लावण्याआधी ती एक सेकंद हवेत मोकळी सोडायला सांगा. कॉम्प्रेसरच्या टाकीत, विशेषतः पावसाळ्यात, पाणी साचतं आणि ते आधी नळीत येतं. पहिला फवारा टायरमध्ये जाण्यापेक्षा जमिनीवर गेलेला बरा. पेट्रोल पंपावर हवा मोफत द्यायची असते, त्यामुळे दोनदा लावायला सांगताना संकोच नको.

एल्बो घ्यावा की लांब नळी?

एल्बो म्हणजे ९० अंशांत वळलेला छोटा पितळी जोड. तो व्हॉल्व्हवर बोटांनी तीन-चार फेरे फिरवून बसवायचा, मग गन बाजूनं लावता येते. लांब नळी म्हणजे विणलेल्या तारेची १५-२० सेंटीमीटरची लवचीक जोडणी. अगदी अडचणीच्या जागेत नळी जास्त सोयीची, कारण ती हवी तिकडे वळते. खिशात ठेवायला एल्बो बरा. पंपावरची गन जड असते आणि लवचीक नळीवर ती धरायला दोन हात लागतात, हे लक्षात घ्या.

घेताना एक गोष्ट तपासा. काही एल्बोंच्या आत दांडी असते आणि गन दाबली तरच ती मूळ पिन दाबते. काहींमध्ये पक्का खुंट असतो, एल्बो फिरवून बसवला की मूळ पिन उघडीच राहते आणि हवा अडवायचं काम एल्बोतली दुसरी पिन करते. दुसऱ्या प्रकारात ती पिन किंवा आतला रबरी वॉशर खराब असेल, तर एल्बो लावताक्षणी हवा जायला लागते. वॉशर नसलेला एल्बो घेऊच नका. दुकानात उलटा करून आत बघा, काळी रबरी कडी दिसली पाहिजे.

काढताना आणखी एक गंमत होते. फिरवून बसवायची गन असेल तर गन उलटी फिरवताना एल्बोच व्हॉल्व्हवरून सुटतो आणि गनला चिकटून येतो. म्हणून एल्बो दोन बोटांत घट्ट धरूनच गन सोडवायची.

एल्बो कायमचा लावून ठेवला तर? दरवेळी काढ-घाल कोण करणार?

ठेवू नका. चाक फिरताना एल्बोचं वजन किती वाढल्यासारखं होतं त्याचा हिशोब पाहा. पितळी एल्बो साधारण १५ ग्रॅमचा. दहा इंची चाकाची स्कूटर ताशी ६० किलोमीटरनं धावत असताना व्हॉल्व्हच्या टोकाशी गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासपटींहून जास्त ओढ असते. म्हणजे ते १५ ग्रॅम पाऊण किलोहून जास्त जोरानं रबरी नळीला रिमच्या दिशेनं दाबतात. सतरा इंची बाइक ताशी १०० वर असेल तर हाच जोर दोन किलोच्या वर जातो. एल्बोचं वजन एका अंगाला असल्यानं नळी दर वेळी त्या बाजूला वाकते, गाडी थांबली की सरळ होते आणि हळूहळू मुळाशी चीर पडते. ट्यूबलेस टायरमध्ये ही चीर चालत्या गाडीत उघडली तर हवा क्षणात जाते.

हवा भरली, एल्बो काढला, टोपी लावली, हाच क्रम ठेवा. एल्बो सीटखालच्या कागदपत्रांच्या पिशवीत राहू द्या.

मग ९० अंशांचा धातूचा व्हॉल्व्ह कायमचा बसवता येतो ना?

येतो, आणि रोज वापरायच्या गाडीला हा सर्वांत चांगला इलाज आहे. हा व्हॉल्व्ह नट आणि रबरी कडीनं रिमवर आवळलेला असतो, त्यामुळे रबर वाकण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय तोंड बाजूला असल्यानं गन थेट बसते. तो टायर बदलतानाच बसवून घ्या, कारण त्यासाठी टायर रिमवरून उतरवावाच लागतो.

घेण्याआधी रिमच्या भोकाचं माप घ्या. बहुतेक अलॉय व्हीलमध्ये ते ११.३ ते ११.५ मिलिमीटर असतं, काही परदेशी बाइकमध्ये ८.३ मिलिमीटर. ८.३ चा व्हॉल्व्ह मोठ्या भोकात वॉशर घालून ‘चालवून’ देणारे भेटतात. ते चालवू नका. तोंड डिस्क आणि कॅलिपरच्या विरुद्ध बाजूला वळवा. बसवल्यावर चाक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून कॅलिपर, ब्रेकचा पाइप, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारी दांडी) यांच्यापासून निदान ३ ते ५ मिलिमीटर अंतर राहतं का ते पाहा. धातूचा व्हॉल्व्ह रबरी व्हॉल्व्हपेक्षा जड असतो, म्हणून चाकाचं बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या. नट कंपनीनं दिलेल्या जोरानंच आवळायचा. जास्त आवळला की कडी चेपून बाहेर येते आणि तिथूनच गळती सुरू होते.

तारेच्या आऱ्यांच्या, ट्यूब असलेल्या चाकाला हा इलाज लागू नाही. तिथे व्हॉल्व्ह ट्यूबचाच भाग असतो.

माझ्या गाडीत किती हवा हवी?

पंपावरचा पोरगा विचारतो, ‘पुढे पंचवीस, मागे पस्तीस?’ आणि आपण मान डोलावतो. गाडीवरचा स्टिकर काय म्हणतो ते आधी वाचा. तो चेन कव्हरवर, स्विंगआर्मवर किंवा सीटखाली असतो, आणि मॅन्युअलमध्येही तेच आकडे असतात. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा ‘जास्तीत जास्त’ आहे, तो भरायचा आकडा नव्हे.

नमुन्यादाखल अ‍ॅक्टिव्हाचे आकडे: पुढे २२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचं माप), मागे एकट्यासाठी २९, डबलसीटसाठी ३६. मागचा आकडा माणसागणिक सात पीएसआयनं बदलतो हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. रोज शाळेत मुलाला सोडणाऱ्याची गाडी २९ वर असेल तर टायर सतत दबलेला राहतो आणि कडा आधी झिजतात.

एककांचा गोंधळ: १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे १४.२ पीएसआय आणि २०० किलोपास्कल म्हणजे २९ पीएसआय. जुने लोक ‘दोन किलो हवा’ म्हणतात तेव्हा त्यांना २८ च्या आसपास अभिप्रेत असतं.

हवा तपासताना थोडी हवा जातेच, मग तपासून तोटाच नाही का होत?

छोट्या टायरमध्ये हा प्रश्न रास्त आहे. दहा इंची स्कूटर टायरमध्ये आतली जागा साधारण ४ ते ५ लिटर. त्यातून सुमारे ३०० मिलिलिटर हवा गेली की दाब एक पीएसआयनं घसरतो. तिरक्या गनची एक लांब फुस्स तेवढी सहज घेऊन जाते. बाइकच्या रुंद मागच्या टायरला तितकी फुस्स जाणवतही नाही, कारण आतली जागा तिप्पट असते.

म्हणून स्कूटरला छोट्या तोंडाचं, वाकड्या मानेचं गेज घ्या. डायल ० ते ६० पीएसआयची असावी. कारच्या आणि ट्रकच्या टायरसाठीचं ० ते १५० चं गेज ३० च्या आसपास एक-दोन पीएसआयचा फरक नीट दाखवत नाही, काटा तळाशीच घुटमळतो. आकडा अडकवून ठेवणारं गेज असेल तर उत्तम, कारण अंधाऱ्या कोपऱ्यात डायल दिसत नसली तरी गेज बाहेर काढून वाचता येतं.

शंका असेल तर तीनदा मोजा. तीन आकडे एकमेकांच्या एका पीएसआयच्या आत आले तर सर्वांत मोठा खरा धरा.

सकाळी आणि दुपारी आकडा वेगळा का येतो?

हवा तापली की दाब वाढतो. ३० पीएसआयच्या टायरला १० अंश सेल्सिअसचा फरक साधारण दीड पीएसआयचा पडतो. म्हणून गाडी निदान तीन तास उभी असताना किंवा घरापासून एक-दोन किलोमीटरच्या आतच मोजायची. लांबून आल्यावर मोजलेला आकडा तीन-चार पीएसआय जास्त दिसला तर हवा सोडू नका. सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर असेल.

पंपावर पोचेपर्यंत टायर तापणारच असेल तर निघण्याआधी घरीच मोजा आणि किती कमी आहे ते लक्षात ठेवा. पंपावर तेवढाच फरक भरून घ्या. घरी २५ दाखवत होता, हवे २९, म्हणजे पंपावर जो काही आकडा येईल त्याच्या वर ४.

घाट चढून वर गेल्यावर हवा कमी करावी लागते का?

नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला, म्हणजे साधारण १,३५० मीटर उंचीवर गेलात, तर बाहेरचा वायुदाब कमी झाल्यामुळे गेजवर जवळपास दोन पीएसआय वाढलेले दिसायला हवेत. पण वर गारवा असतो, त्यात त्यातला बराचसा भाग खाल्ला जातो. उतरताना सगळं उलटं होतं. हवा घरीच नीट भरा आणि घाटात तिला हात लावू नका.

घरी कोणता पंप ठेवावा?

पायानं धरायचा उभा सायकल पंप स्कूटरला पुरेसा आहे, फक्त त्याचं तोंड मोटारच्या व्हॉल्व्हला बसणारं हवं. साध्या काळ्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा असतो, त्याचं तोंड इथे बसत नाही. मोठ्या पंपाच्या एका दट्ट्यात सुमारे ३०० मिलिलिटर हवा जाते. मागचा स्कूटर टायर २२ वरून २९ वर न्यायला दहाएक दट्टे लागतात आणि पूर्ण रिकामा टायर भरायला चाळीसच्या आसपास. बाइकच्या रुंद टायरला तेच सात पीएसआय वाढवायला पंचवीस-तीस.

बॅटरीवरचे छोटे इन्फ्लेटर सोयीचे, पण त्यांची नळी जेमतेम वीतभर आणि तोंड फिरवून बसवायचं असतं. स्कूटरच्या मागच्या चाकात सगळा पंपच गोल फिरवायची वेळ येते. युक्ती अशी: नळी लावण्याआधी तिलाच चार-पाच फेरे उलटा पीळ द्या. मग बसवताना पीळ उलगडत जातो आणि नळी सरळ राहते. काढताना झटपट फिरवा, शेवटच्या दोन फेऱ्यांतच हवा निसटते. ती जाणार हे धरून एक पीएसआय जास्तच लावा.

कारच्या लायटर सॉकेटवर चालणारा कॉम्प्रेसर स्कूटरच्या मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटला जोडू नका. तो दहा अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि त्या सॉकेटची वायर तेवढ्यासाठी नसते. फ्यूज उडणं हा त्यातला स्वस्तातला परिणाम.

भरलेली हवा दोन दिवसांत कमी होते. पंक्चर की व्हॉल्व्ह?

आधी व्हॉल्व्ह तपासा, ते फुकट आहे. पंक्चरवाले करतात तेच करा: टोपी काढून बोटावर थुंकी घ्या आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर पातळ पडदा होईल अशी लावा. पडदा फुगून बुडबुडा झाला तर पिन गळते. बुडबुडा सावकाश, दहा-पंधरा सेकंदांनी उठला तरी गळतीच. थुंकी नको असेल तर साबणाचं पाणी.

पिन गळत असेल तर व्हॉल्व्हच्या चावीनं ती आधी घट्ट करून पाहा. पाव फेराही सैल असते कधीकधी. तरीही गळली तर चाक उचलून ठेवा, पिन सोडवा (हवा जोरात निघेल आणि पिन उडेल, तोंड लांब ठेवा), नवी टाका. पिन आवळायला बोटांचा जोर पुरतो. पक्कडीनं आवळली तर तिची छोटी रबरी कडी चिरडते आणि नवी पिनही गळू लागते.

पिन ठीक असेल तर व्हॉल्व्हच्या मुळाशी साबणाचं पाणी सोडा आणि नळी अंगठ्यानं चारही दिशांना हळूच वाकवा. एका दिशेला वाकवल्यावरच बुडबुडे आले तर रबराला चीर आहे आणि व्हॉल्व्ह बदलायलाच हवा. रबरी व्हॉल्व्ह असाही प्रत्येक नव्या टायरबरोबर नवाच टाकावा. टायरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही, आणि टायर उतरवलेलाच असतो.

महिन्याला एक-दोन पीएसआय कमी होणं मात्र निरोगी टायरचंही लक्षण आहे, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी मोजा.

टोपी नसली तर काय बिघडतं?

धूळ आणि पाणी आत जातं, हे एक कारण. दुसरं कमी माहीत असलेलं. सरळ व्हॉल्व्हमध्ये पिन उघडते ती टायरच्या आतल्या दिशेनं, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कडेकडे. वेगात फिरताना पिनवरची ओढही त्याच दिशेला असते. स्प्रिंग कमजोर असली तर जोराच्या वेगाला पिन किंचित उघडू शकते. आत रबरी कडी असलेली टोपी ही दुसरी झडप असते. बाजूला तोंड असलेल्या व्हॉल्व्हमध्ये पिन आडवी असल्यानं हा प्रश्न येत नाही.

रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या वाऱ्याच्या भागात पितळी व्हॉल्व्हवर अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत टोपी लावू नका. दोन धातू एकमेकांना खातात, टोपी जाम होते आणि पक्कडीनं काढताना व्हॉल्व्हच पिळला जातो. साधी काळी प्लास्टिकची टोपी सर्वांत बरी. टायरमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तिथे निकेलचा मुलामा असलेलीच पिन वापरायची.

ट्यूबच्या गाडीचा व्हॉल्व्ह तिरका झालाय. सरळ ओढून घेऊ का?

अजिबात नाही. व्हॉल्व्ह तिरका दिसतो म्हणजे कमी हवेवर ब्रेक मारल्यानं टायर रिमवर सरकला आणि त्यानं ट्यूब सोबत नेली. ओढाल तर व्हॉल्व्ह ट्यूबमधून मुळासकट फाटेल, आणि त्या फाटण्यावर पॅच बसत नाही. पूर्ण हवा सोडा, दोन्ही बाजूंनी टायर रिमच्या कडेवरून आत दाबून मोकळा करा, व्हॉल्व्ह सरळ होईपर्यंत टायर उलटा सरकवा, मग हवा भरा. रिमजवळची चपटी चकती-नट आवळून ठेवण्याची सवय मोडा. ती सैल करून टोपीजवळ नेऊन ठेवली तर ट्यूब सरकू लागताच व्हॉल्व्ह तिरका दिसतो. आवळलेली असेल तर तो दिसत नाही, सरळ फाटतो.

जुन्या चेतक, एलएमएलमध्ये व्हॉल्व्ह आधीपासूनच वाकडा असतो, तो का?

त्यांच्या ट्यूबला काटकोनात वळलेली धातूची नळी असते, कारण आत ड्रममुळे सरळ नळीला जागाच नाही. नवी ट्यूब घेताना वाकड्या व्हॉल्व्हचीच मागा. सरळ व्हॉल्व्हची टाकली तर हवा भरता येणार नाही. या गाड्यांचं रिम दोन तुकड्यांचं असतं. हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते दोन तुकडे जोडणाऱ्या नटांना पाना लावू नका, रिम स्फोटासारखं उघडतं. चाक काढण्याचे नट वेगळे आणि रिमचे वेगळे, ही ओळख आधी पटवून घ्या.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या चाकात तर काहीच जागा नाही?

मोटर चाकातच असते तेव्हा रिम आणि मोटरच्या कवचात दोन बोटांचीच फट उरते. अशा गाडीत व्हॉल्व्ह वाकडाच असला पाहिजे. कोणी पंक्चर काढताना सरळ बसवून दिला असेल तर परत बदलून घ्या. पंपावरची दोन तोंडांची गन तिथे जात नाही, लवचीक नळी किंवा छोट्या डोक्याचा इन्फ्लेटर लागतो.

टायरमध्ये पंक्चर सीलंट (भोक आतून बुजवणारं चिकट द्रव) आहे. काही काळजी?

गाडी थांबवल्यावर पाच-दहा मिनिटं द्या, सीलंट तळाशी उतरतं. मग व्हॉल्व्ह चाकाच्या वरच्या अर्ध्यात ठेवून मोजा. इथे गन लावायला जागा अवघड पडली तरी चालेल, कारण व्हॉल्व्ह खाली असला तर हिरवट चिकट पाणी गेजमध्ये येतं आणि गेज कायमचं जाम होतं. पिन चिकटली असेल तर ती बदला, धुऊन फारसा उपयोग होत नाही.

नायट्रोजन भरलाय, आता साधी हवा चालेल?

चालेल. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनच्या हिरव्या टोपीसाठी कमी हवेवर गाडी दामटण्यापेक्षा समोरच्या पंपावर साधी हवा भरा.